नुक्सवाले खिल्लारे

खिल्लारे मिस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते हिंगोलीच्या रेल्वे फाटकाजवळ भर दुपारी रस्त्यावर आडवे पडलेले होते. उजवा कान मातीला, डोळे मिटलेले, एक हात छातीखाली. भोवती पंधरा-वीस माणसं जमली होती. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं फेफरं आलं. एक जण चप्पल काढून त्यांच्या नाकाला लावायला वाकला. तेवढ्यात प्रेतानं डोळे न उघडता हात वर केला.

"हालू नका रे. पाय वाजून राहिले तुमचे."

गर्दी जागच्या जागी थिजली. दोन मिनिटांनी प्रेत उठलं, शर्टावरची माती झटकली, खिशातून खडू काढून रस्त्यावर एक फुली मारली आणि म्हणालं, "हितं नुक्स हाय. खना."

मी त्याच सकाळी वीज खात्याच्या हिंगोली कचेरीत टंकलेखक म्हणून रुजू झालो होतो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. माझ्या शेजारी लाइनमन शेख लतीफ उभा होता. मी विचारलं, "हे कोण?" लतीफ अभिमानानं म्हणाला, "अपने मिस्त्री हैं. जमीन से बात करते."

जमिनीशी बोलायला त्यांच्याकडं एक यंत्र होतं. हे यंत्र आमच्या कचेरीत कसं आलं याची गोष्ट सरकारी आहे. ते निघालं होतं दुसऱ्याच जिल्ह्यासाठी. पत्ता चुकून आमच्या आवारात उतरलं. परत पाठवायचं तर वरची मंजुरी हवी, आणि मंजुरी देणारे म्हणत, आधी ते तुमच्याकडं कोणत्या मंजुरीनं आलं ते कळवा. या पत्रव्यवहाराची जाड फाइल पुढं माझ्याच टेबलावर आली. तोवर यंत्राबरोबर आलेले नामदेव खिल्लारेही इथंच राहिले. यंत्राच्या चलनावर 'सोबत एक मिस्त्री' असं लिहिलेलं होतं, त्यामुळं यंत्र गेल्याशिवाय त्यांना जाता येईना.

यंत्राचं काम असं. जमिनीखालून जाणारी विजेची केबल बाहेरून दिसते दंडाएवढी जाड दोरी. आत तार असते, तारेवर तेलात भिजवलेल्या कागदाचे वेढे, त्यावर शिशाची नळी. वीज धरून ठेवतो तो कागद. त्या कागदाला कुठं ओल लागली, चीर गेली, की वीज हळूहळू मातीत झिरपायला लागते, आणि एक दिवस केबल फुटते. या दोषालाच मिस्त्री नुक्स म्हणत. वरून काही दिसत नाही. म्हणून हे यंत्र त्या केबलला रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त दाबाची, एकाच दिशेनं जाणारी डीसी वीज द्यायचं. केबल निरोगी असली तर यंत्राची सुई एकदा उडी मारून शांत खाली बसायची. नुक्स असलं तर सुई खाली बसायला तयार नसायची. मग यंत्र ठराविक वेळानं केबलमध्ये विजेचा तडाखा सोडायचं आणि जिथं नुक्स असेल तिथं जमिनीच्या पोटात 'ठक्' असा आवाज व्हायचा. तो ऐकायला खिल्लारे रस्त्यावर झोपायचे.

अडचण एकच होती. अख्ख्या हिंगोलीत जमिनीखालची केबल होती दोन ठिकाणी. बाकी सगळी वीज खांबांवरून. त्यामुळं मिस्त्रींना काम फार थोडं आणि कान फार मोठा. उरलेला कान ते गावाला लावत.

माझ्या टंकयंत्राचा आवाज त्यांनी दाराबाहेरूनच ऐकला. आत येऊन म्हणाले, "बाबू, तुमच्या मशीनचं एक बटन लंगडून राहिलं." 'क' खरंच लंगडा होता. हॉटेलात चहाचा ग्लास आला की आधी नखानं वाजवायचे, आणि मालकाला सांगायचे, "याला तडा हाय, आज न्हाई तर उद्या जाईल." उद्या नाही गेला तर परवा जायचा, आणि मालक म्हणायचा की मिस्त्रीची नजर लागली. मंगळवारच्या बाजारात कलिंगडवाला त्यांना लांबून पाहून हात जोडायचा. लतीफनं नवी सायकल घेतली, ती दहा दिवस दुसऱ्या गल्लीत लपवून ठेवली होती. अकराव्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "लतीफ, तुमी रोज पायी येऊन राहिले, पर दम लागलेला दिसत न्हाई. सायकल आना हिकडं. मागच्या चाकात नुक्स असंल."

यात कुणाला दुखवायचा त्यांचा हेतू नसायचा. त्यांना वाटायचं, आपण उपकार करतोय. मी एकदा म्हणालो, "मिस्त्री, लोकांना राग येतो." ते गोंधळले. "काहून? आपुन सांगितलं न्हाई तर मानूस धोक्यात ऱ्हाईल की."

कचेरीच्या आवारातच मागं एका खोलीत ते एकटे राहायचे. बायको आणि मुलगी परभणीच्या वाटेवरच्या हट्टा गावी, बायकोच्या माहेरी. बारा वर्षं झाली होती. लतीफ सांगायचा की भांडण असं काही झालंच नाही. मिस्त्री रोज घरातलं एकेक नुक्स सांगत गेले. चूल धूर करते, माठ झिरपतो, आवाज चढतो, पदर खोचण्याची तऱ्हा बरोबर नाही. एके दिवशी गयाबाईनं सहा वर्षांच्या शांताला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "तुमाला बिननुक्साची बाई कुटं गावती ते हुडका. तवर आमी भावाकडं हाओत." आणि परभणीच्या बसमध्ये बसली. मिस्त्री बसपर्यंत पोचवायला गेले होते म्हणे. बसच्या इंजिनात नुक्स आहे, असं ड्रायव्हरला सांगून परत आले.

दुष्काळ नुकताच सरला होता आणि पुढाऱ्यांच्या तोंडी पाण्याशिवाय दुसरा शब्द नव्हता. कयाधू नदीवर नवं पंपघर बांधलं गेलं. त्याला वीज न्यायला जमिनीखालून तिसरी केबल आली, आणि मिस्त्रींचं राज्य दीडपट झालं. उद्घाटनाला खुद्द मंत्रीसाहेब येणार होते. पंपघरासमोर लोखंडी पाइपांचं व्यासपीठ उभं राहिलं, वर पताका, मागं कमान, बाजूला कोनशिला. स्वागतगीत म्हणायला कन्याशाळेच्या तीस मुली रोज त्याच व्यासपीठावर तालीम करत होत्या.

तीन दिवस आधी आमचे उपअभियंता पाटोदेकरसाहेब मिस्त्रींना म्हणाले, "ती केबल तपासल्याचा दाखला लागतो. जरा उरकून घ्या."

मिस्त्रींना 'उरकून घ्या' हा शब्द कळत नसे. त्यांनी यंत्र ट्रॉलीवर चढवलं, केबलला जोडलं आणि दाब चढवला. मी साहेबांबरोबर होतो, कारण दाखला जागेवरच टंकून घ्यायचा होता. टंकयंत्र मी मांडीवर घेतलेलं. सुईनं उडी मारली. आम्ही ती खाली बसायची वाट पाहिली. ती बसेना. उलट एखादा माणूस हळूच खुर्चीतून उठावा तशी वर सरकायला लागली.

"नुक्स हाय," मिस्त्री म्हणाले.

"किती आहे?" साहेबांनी विचारलं.

"नुक्साला किती नसतंय साहेब. असतं, न्हाई तर नसतं."

ठेकेदार तिथंच होता. तो म्हणाला की यंत्रच बिघडलेलं आहे, चुकीच्या पत्त्यावर आलेल्या यंत्राचा भरवसा काय? साहेबांना हा मुद्दा फार पटला. तरी त्यांनी मिस्त्रींना बाजूला घेऊन मऊ आवाजात विचारलं, "खिल्लारे, एक दिवस चालेल ना? नुसतं बटण दाबायचं आहे. पाणी आलं, टाळ्या झाल्या, मोटारी गेल्या. मग आपण निवांत खणू."

"चालंल बी, न चालंल बी."

"मग दाखला द्या की!"

"'चालंल बी, न चालंल बी' असा देऊ का?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी टंकयंत्राकडं पाहिलं. मिस्त्रींनी कुणाकडं पाहिलं नाही. त्यांनी दाब आणखी थोडा चढवला. सुई थरथरली, आणि यंत्र एकदम 'फट्' करून बंद पडलं. केबल आत कुठंतरी पुरती फुटली होती.

"तुम्ही फोडली!" ठेकेदार ओरडला. "सरकारी केबल फोडली यांनी! साहेब, पंचनामा करा!"

"फुटायची ती फुटली," मिस्त्री म्हणाले. "आज फुटली म्हनून तुमी हितं वरडून राहिले. लतीफ, तडाखा सोडा. मी ऐकतो."

मग जे झालं ते हिंगोलीकर पुढं कित्येक वर्षं सांगत होते. लतीफ यंत्रातून तडाखे सोडतोय आणि मिस्त्री हातात सागवानी दांडकं घेऊन केबलच्या रेषेवरून चाललेत. दांडक्याचं एक टोक जमिनीला, दुसरं कानाला. चार पावलं, थांबणं, ऐकणं. मागं साहेब, साहेबांमागं ठेकेदार, त्याच्यामागं टंकयंत्र छातीशी धरून मी, आणि माझ्यामागं बाजारातून निघालेला अर्धा गाव. मिस्त्री वळले की सगळे वळायचे. ते थांबले की सगळे श्वास धरायचे. एका म्हातारबुवांनी रस्त्याच्या कडेनं आम्हाला नमस्कारसुद्धा केला. त्यांना वाटलं कुणा साधूचं पाऊल पडतंय.

पंपघर जवळ आलं. मिस्त्रींची पावलं लहान झाली. दांडकं टाकून ते जमिनीवर झोपले, सरपटत थोडे पुढं गेले, आणि सगळ्यांच्या देखत व्यासपीठाखाली शिरले. वर कन्याशाळेच्या मुली 'स्वागतम्' म्हणत होत्या. खालून मिस्त्रींचा आवाज आला.

"तडाखा बंद! गानं बंद करा! पोरी खाली उतरवा! आधी पोरी उतरवा!"

त्यांचा तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता. बाईंनी मुलींना भराभर उतरवलं. पताका काढल्या, फळ्या काढल्या, आणि खणायला सुरुवात झाली. कमरेएवढ्या खड्ड्यात सगळ्यांना दिसलं. व्यासपीठ हलू नये म्हणून ठेकेदाराच्याच माणसांनी कोपऱ्यातला लोखंडी पाइप घणानं ठोकून खोल घातला होता, आणि त्याच्या टोकानं शिशाची नळी चिरून आतल्या कागदापर्यंत मजल मारली होती. त्यात भर म्हणून रोज सकाळी पाणी मारून व्यासपीठासमोरची धूळ बसवली जायची. ते पाणी थेट त्या चिरेत.

केबल चालू झाली असती तर वीज त्या पाइपातून वर आली असती. लोखंडी व्यासपीठ, वर मंत्रीसाहेब, कलेक्टर, आणि तीस मुली.

पाटोदेकरसाहेब खड्ड्याच्या काठावर मटकन बसले. ठेकेदार म्हणाला, "मी म्हणत होतोच, एकदा तपासून घ्या."

मिस्त्रींनी दोन दिवस खड्ड्यात बसून केबलचा सांधा केला. पुन्हा दाब दिला. सुईनं उडी मारली आणि शांत खाली बसली. तेव्हा कुठं मी दाखला टंकला. मंत्रीसाहेब आले, बटण दाबलं, पाणी आलं. भाषणात त्यांनी ठेकेदाराच्या तत्परतेचं आणि अभियंत्यांच्या जागरूकतेचं कौतुक केलं. मिस्त्री तेव्हा मांडवामागं उभे होते आणि कर्ण्याच्या आवाजात खरखर आहे, असं कर्णेवाल्याला सांगत होते.

आठ दिवसांनी वरून पत्र आलं. चाचणी करताना शासकीय केबलचं नुकसान केल्याबद्दल खिल्लारे यांच्यावर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा करावा. ते पत्र त्यांना द्यायचं काम माझ्याकडं आलं. मी दोन दिवस ते खणात ठेवलं. शेवटी दिलं तेव्हा त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "बाबू, 'कारवाई' ऱ्हस्व लिवलंय यांनी." मग मागच्या बाजूला खुलासा लिहिला. 'नुक्स होते. काढले. ना. खिल्लारे.' एवढंच.

या सगळ्याची बातमी हट्ट्यापर्यंत पोचली, आणि एका दुपारी मिस्त्रींचा मेहुणा सुखदेव आमच्या कचेरीत येऊन उभा राहिला. उंच, शेतकाम करणारा, कमी बोलणारा माणूस. मिस्त्रींना पाहून त्यानं टोपी काढली.

"दाजी, शांताची सोयरीक आलीय. पोरगा मास्तर हाय, आखाडा बाळापूरला. ऐतवारी पसंतीला येऊन राहिले. त्यायचं म्हननं हाय, बाप समोर पायजे. मागच्या दोन सोयरिकी ह्याच्यावरच मोडल्या."

"येतो," मिस्त्री म्हणाले.

सुखदेव टोपी हातात फिरवत राहिला. "दाजी, पर... मंत्र्याची केबल तुमी पास केली न्हाई, असं सारे सांगून राहिले. गया म्हनली, मानूस न आला तर सोयरीक मोडंल, अन् आला तर बी मोडंल. पोरगी अठराची झाली. तिच्या मनात हाय ह्यो पोरगा."

 सुखदेव गेल्यावर मिस्त्री माझ्या टेबलाशी आले. "बाबू, तुमी चला संगं. मी नुक्स म्हनाया लागलो का माझा हात दाबा. जोरानं दाबा."

रविवारी आम्ही हट्ट्याला उतरलो. मिस्त्रींनी पांढरा शर्ट घातला होता. बसमध्ये तो चुरगळू नये म्हणून ते पाठ न टेकता बसले होते. दारात गयाबाई उभ्या होत्या. पदर डोक्यावर, हातात तांदूळ निवडायचं सूप. बारा वर्षांनंतर नवरा-बायको समोरासमोर आले.

"आलात?" त्या म्हणाल्या.

"आलो."

एवढंच बोलणं झालं. ओसरीत सतरंजीवर पाहुणे बसले होते. मुलगा मधोमध, नीटनेटका, लाजरा. त्याच्या उजव्या हाताला त्याचा मामा. मामा फार बोलका होता. मुलाला काहीही विचारलं की उत्तर मामाच द्यायचा. सुखदेवनं विचारलं, "शाळेत किती वर्गं हाईत?" मामा म्हणाला, "चार." गावातल्या एकानं विचारलं, "मास्तर, बदली व्हते का तुमची?" मामा म्हणाला, "न्हाई होत." मुलगा नुसता हसायचा. शांता सगळ्यांना पाणी देऊन आत गेली.

मिस्त्री मुलाच्या डाव्या बाजूला बसले होते, मी त्यांच्या शेजारी. त्यांनी हळू आवाजात मुलाला काहीतरी विचारलं. मुलानं उत्तर दिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मुलगा समोर बघत राहिला. मिस्त्रींची मान थोडी कलली. रेल्वे फाटकाजवळ मातीला कान लावला होता तेव्हाचा तोच चेहरा. मी त्यांचा हात धरला.

 सुखदेव माझ्याकडं बघायला लागला. स्वयंपाकघराच्या दारात गयाबाईंचं सूप हलायचं थांबलं. मामाच्या कपाळावर घाम आला. मी हात दाबला, मग आणखी जोरात दाबला.

मिस्त्रींनी माझा हात हळूच सोडवला आणि ते उठले. सगळ्यांना वाटलं, चालले. पण ते मुलाच्या मागून वळसा घालून पलीकडं गेले, मामाला म्हणाले, "जरा सरका पाव्हनं," आणि मुलाच्या उजव्या बाजूला बसले.

"मास्तर," त्यांनी विचारलं, "लेकरं ऐकतेत का तुमचं?"

मुलाचा चेहरा उजळला. "ऐकतात की. थोडी मस्ती करतात, पण गोष्ट सांगितली की ऐकतात." मग तो शाळेबद्दल बोलत राहिला, आणि मिस्त्री ऐकत राहिले, चांगलं अर्धा तास. मामा गप्प बसून उपरण्यानं मान पुसत होता. शेवटी सुखदेवनं घसा खाकरून विचारलं, "मग दाजी, तुमचं काय म्हननं?"

"पोरगं चांगलं हाय," मिस्त्री म्हणाले. "सुपारी फोडा."

आतून बायकांचा गलका उठला. गूळ वाटला गेला. निघताना गयाबाई दारापर्यंत आल्या. मिस्त्री चपला घालत होते.

"केस पांढरे झाले तुमचे," त्या म्हणाल्या.

"व्हय," मिस्त्री म्हणाले, आणि चप्पल घालायला उगाच फार वेळ लावला.

परतीच्या बसमध्ये मला राहवेना. मी म्हणालो, "मिस्त्री, तुम्हाला काहीतरी सापडलं होतं. मी तुमचा चेहरा पाहिला."

"डाव्या कानानं ऐकू येत न्हाई पोराला."

"मग बोलला का नाहीत? मुलीला माहीत नको?"

"शांताला ठावं हाय."

"तिनं सांगितलं तुम्हाला?"

"न्हाई. पानी घिऊन आली तवा साऱ्यायला समोरून दिलं. त्याला द्यायला मागून वळसा घालून उजवीकडं गेली. 'घ्या' म्हनली ते बी त्याच कानात."  बाहेर ज्वारी कापणीला आलेली होती. "वळखायचं तिनं माझ्याकडून घेतलं, बाबू. वळखून गप ऱ्हायचं मायकडून."

जवळाबाजार गेलं. बस रिकामी होत चालली होती. मिस्त्री खिडकीकडं तोंड करून बसले होते.

"माझ्यातलं बी गयाबाईनं काय काय ऐकलं असंल," ते म्हणाले. "एक शबूद काढला न्हाई कंदी."

 औंढ्याला बस दहा मिनिटं थांबली. मिस्त्री खाली उतरले, कंडक्टरशी काहीतरी बोलले आणि परत येऊन माझ्याशेजारी बसले.

"फुडच्या ऐतवारी हट्ट्याला सकाळची गाडी साडेसातला हाय म्हनतो."

"काही काम आहे का तिकडं?" मी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "काम न्हाई."